आप्पांनी टाकलेला शब्द

चौफुल्याहून न्हावऱ्याकडं वळलं की हल्ली मी तोंडावरचा स्कार्फ सोडते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कांदा उपटून टाकलाय, पात सुकत पडलीय आणि तिचा वास सुटलाय. हिरव्या पातीचा वास वेगळा, तो डोळ्यांत जातो. दोन-चार उन्हं खाल्लेल्या पातीचा वेगळा. त्यात धूळ असते, थोडा गोडवा असतो आणि जमीन तापल्यावर येते ती कोरडी वाफ असते. खरं तर दिवसभर मी कांद्यातच असते. भांडगावच्या पुढं हायवेला लागून कांदा वाळवायचा एक कारखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी बसते. कापात ओलावा किती राहिला, पावडरीचा रंग कसा आला, हे बघणं माझं काम. तिथं कांदा म्हणजे नुसता आकडा. संध्याकाळी रस्त्यावर हा वास आला की मात्र गाडी आपोआप हळू होते.

उन्हाळी कांद्याचे तीस हंगाम तरी मी पाहिले असतील. लहानपणी पाटीत बसून, कॉलेजात असताना सुट्टीला येऊन, आता रविवारी पदर खोचून. पण मला विचाराल, तुला कुठला हंगाम आठवतो, तर मी ज्यात नव्हतेच तो आठवतो. चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी इंग्लंडमध्ये एका छोट्या गावात भाड्याच्या खोलीत राहत होते आणि सकाळी सहाला उठून मोबाईलवर आमचा कांदा बघत होते.

मी उठायची तेव्हा इकडं साडेदहा झालेले असायचे. आई बायकांचा चहा घेऊन रानात आलेली असायची. ती व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन कांद्याच्या ढिगाला टेकवून ठेवायची. मग मला दिसायचं ते असं: खाली निम्म्या चित्रात कांदे, वर आभाळ आणि मधे कधी आईची कोपरं, कधी माझ्या वडिलांचे, आप्पांचे, पाय. बोलणं फारसं व्हायचं नाही. पात कापणाऱ्या विळ्यांचा करकर आवाज यायचा. कापलेला कांदा पाटीत पडला की टप्प वाजायचं. मी त्या आवाजावर चहा प्यायची, ब्रेडला लोणी लावायची आणि लॅपटॉप उघडून नोकरीचे अर्ज भरायची.

त्या अर्जांचं काय सांगू! फूड सायन्सची पदवी, त्यावर तिथली मास्टर्स, मार्क चांगले, लॅबचा अनुभव, सगळं रकान्यारकान्यांत नीट बसायचं. मग शेवटाकडं एक प्रश्न यायचा. तुम्हाला आज किंवा पुढं कधी व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का? हो की नाही, दोनच गोल. मी ‘हो’वर टिचकी मारायची. कित्येकदा चहा निवायच्या आत नकार यायचा. कुणी वाचलेलंच नसायचं. शिक्षणानंतर मिळालेला माझा दोन वर्षांचा व्हिसा हिवाळ्यात संपणार होता. त्याच्या आत कुठल्यातरी कंपनीनं तिथल्या सरकारला लिहून द्यायचं होतं, की ही मुलगी आम्हाला हवी आहे. एवढं एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी मी गावोगावच्या बेकऱ्या, चीजवाले, बिस्किटवाले, बाळांचं खाणं बनवणारे, सगळ्यांची दारं वाजवत होते. पोटापुरतं काम होतं, तयार सँडविचच्या कारखान्यात. पांढरा कोट, केसांवर जाळी, हातात थर्मामीटर. दर अर्ध्या तासानं कोंबडीच्या मांसात सुई खुपसायची आणि कागदावर तापमान लिहायचं. गावाकडं सगळ्यांना वाटायचं, मी शास्त्रज्ञ झाले.

माझा स्वभाव तापट. आई म्हणते, हिचं फोडणीसारखं आहे, एकदम तडतडते. त्या दिवसांत तर मी कुणावरही तडतडायची. खोलीतल्या हीटरवर, उशिरा येणाऱ्या बसवर, ‘तुमचा अर्ज काळजीपूर्वक वाचला’ असं धादांत खोटं लिहिणाऱ्या मेलवर. आप्पा विचारायचे, “काय म्हणतंय काम?” मी म्हणायची, “चाललंय.” ते पुढं विचारायचे नाहीत. फोनवरून नुसते त्यांचे पाय दिसायचे, भेगाळलेले, कांद्याची सालं चिकटलेले. ते पाय थोडा वेळ थांबायचे आणि चालू लागायचे.

आप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याकडं पद कुठलंच नव्हतं, ना सरपंच, ना संचालक. तरी न्हावऱ्यात कुणाचं काही अडलं की माणूस आमच्या ओट्यावर यायचा. पोराला शिरूरला कॉलेजात घ्यायचंय, दूध संस्थेत मापाड्याची जागा आहे, एसटीचा पास अडलाय, सोयरीक जुळता जुळत नाही. “आप्पा, तेवढा शब्द टाका.” मग आप्पा टोपी झटकून निघायचे. आमच्या भागात काम असंच होतं. कागद असतातच, पण कागदाच्या मागं कुणीतरी उभं राहावं लागतं. हा माणूस आमचा आहे, याचं काही कमी-जास्त झालं तर मी बसलोय, असं म्हणणारं. आप्पा मोकळ्या हातानं कधी जायचे नाहीत. पिशवीत चार कणसं, नाहीतर शेराच्या मापानं शेंगा. “मोकळ्या हातानं गेलं की मागाय आल्यासारखं वाटतं,” म्हणायचे. त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिल्याचं मला आठवत नाही.

त्या वैशाखात शेवटी एक दार किलकिलं झालं. सॉस आणि चटण्या बनवणारी एक लहान कंपनी होती. दोन मुलाखती फोनवर झाल्या आणि तिसरीला बोलावलं. तिथल्या लॅबप्रमुख बाई पिकल्या केसांच्या, चष्मा गळ्यात लोंबकळलेला. त्यांनी माझ्यापुढं टोमॅटो चटणीच्या आठ वाट्या ठेवल्या आणि म्हणाल्या, यातल्या एकीत दोष आहे, शोध. मी एकेक वाटी नाकाशी नेली. पाचवीला थांबले. चटणी चांगली होती, आंबट, गोड, मीठ सगळं जागेवर. पण मागून एक वास येत होता, आणि तो मी लहानपणापासून ओळखत होते. ढीग आतून तापला की कांद्याला येतो तो उबट वास. मी म्हटलं, “मसाला बरोबर आहे. कांदा साठवणीत गरम झालाय.”

बाई खळखळून हसल्या. हे पुस्तकात नाही, तुला कसं कळलं? मग मी त्यांना आमच्या बराखीबद्दल सांगितलं. लाकडी पट्ट्यांची लांबट खोली, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी, तीत दिवाळीपर्यंत कांदा राहतो. आप्पा रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, बाहेर काढून हुंगतात आणि सांगतात, इथला काढा, हा चार दिवसांत जाईल. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. निघताना हात हातात घेऊन म्हणाल्या, मला तू हवी आहेस, पण स्पॉन्सरशिपचं मला संचालकांना विचारावं लागेल.

बसमधूनच मी घरी फोन लावला. किती दिवसांनी मी आप्पांशी भरभरून बोलले! वाट्या, वास, बराख, सगळं सांगितलं. ते “व्हय? व्हय?” करत ऐकत होते. आईला म्हणाले, “ऐकलं का, आपल्या बराखीमुळं पास झाली.” मग मला विचारलं, “आता कुठं अडलंय?”

“संचालकांवर अडलंय, आप्पा. त्यांनी हो म्हणायला पाहिजे.”

“आस्सं,” आप्पा म्हणाले. “म्हंजी त्या बाईचं काय न्हाई. संचालकाचं हाय.”

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बाहेर पिवळ्या फुलांची शेतं पळत होती आणि मी खूश होते. ती खुशी दोन आठवडे टिकली.

नकाराचा मेल सकाळीच आला. चार ओळी. खेद आहे, या वेळी पुढं जाता येत नाही, शुभेच्छा. कारण दिलं नव्हतं. बाईंना लिहिलं तर तेच उत्तर पुन्हा आलं. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला. नेहमीसारखे कांदे, आभाळ आणि आप्पांचे पाय. पण आज आप्पा खाली बसले आणि त्यांचा चेहरा पडद्यावर आला. हसत होते.

“शितू, काळजी करू नगंस. मी शब्द टाकलाय.”

“कुणाकडं?”

“तुझ्या संचालकाकडं. पत्ता तूच टाकला हुतास आईच्या फोनवर, मुलाखतीला निघालीस तवा. शिरूरला जाऊन पत्र टाईप केलं, मराठीत आन् इंग्लिशमधी. सरपंचाचा शिक्का हाय, दूध संस्थेचा हाय, शाळंच्या हेडसरांचा हाय. कुरियर करून धा दिवस झालं. पोचलं आसंल आता.”

माझं डोकंच फिरलं. सगळं एकदम जुळलं. संचालकांच्या टेबलावर ते पाकीट, त्यावर गोल जांभळे शिक्के, लोकांचं एकमेकांकडं बघून हसणं, मुलगी वशिला लावते म्हणून फुली. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? तिथं असलं गावठी चालत नाही. माझं वाटोळं केलंत तुम्ही, आप्पा. दोन वर्षं मी इथं जीव काढला आणि तुम्ही एका पत्रानं सगळं घालवलंत.”

फोनचा आवाज मोठा होता. विळ्यांची करकर थांबली होती. पात कापणाऱ्या सगळ्या बाया ऐकत होत्या, ज्यांच्या पोरांसाठी आप्पांनी कधी ना कधी शब्द टाकलेला.

आप्पा म्हणाले, “बरं.” एवढंच. मग चित्र हललं, कांदे गेले, आभाळ गेलं आणि फोन बंद झाला.

त्यानंतरही मी अर्ज केले, पण त्यांत जीव नव्हता. मधेच तिथल्या सरकारनं पगाराची अट वाढवली, तशा लहान कंपन्या तर दारातूनच परत पाठवू लागल्या. हिवाळ्यात व्हिसा संपला आणि मी दोन बॅगा घेऊन परत आले. आप्पा शिरूरच्या एसटी स्टँडवर न्यायला आले होते. बॅग उचलून म्हणाले, “वाळलीस.” त्या पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण माझ्या मनात तो होता. घरात भांड्याला भांडं लागलं की माझ्या जिभेवर तेच यायचं. एकदा तर जेवताना, भाजीत मीठ जास्त झालं एवढ्याशा गोष्टीवरून मी म्हणाले, “आप्पांनी तेव्हा शहाणपणा केला नसता तर मी आज कुठं असते.” आप्पांनी ताटावरून मान वर केली नाही.

आणि एक झालं. आप्पांनी शब्द टाकणं बंद केलं. आधी मला कळलंच नाही. ओट्यावर माणसं यायची, चहा व्हायचा, पण आप्पा टोपी झटकायचे नाहीत. गेल्या वर्षी आमच्या मागच्या आळीतली एक बाई आली. तिची मुलगी बी.एस्सी. झालेली, तिला आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटवायचं होतं. मी घरातच होते, आत भाकरी थापत होते. बाई आप्पांना म्हणाली, “तुमचीच लेक हाय की तिथं, तेवढा शब्द टाका.”

“मी कुणासाठी बोलत न्हाई आता,” आप्पा म्हणाले. “पोरीनं रीतसर अर्ज करावा. आपल्या बोलण्यानं नुकसान हुतं.”

पोटच्या पोरीकडं, तेही दहा पावलांवर चुलीपाशी बसलेल्या, त्यांनी शब्द टाकला नाही. मुलीनं रीतसर अर्ज केला. आमच्या ऑफिसात असं चालतं, की जवळपासच्या गावचं माणूस शक्यतो घ्यायचं नाही. लोकल लोक दांड्या मारतात, एकी करतात, त्रास देतात, असं म्हणतात. पत्त्याचा रकाना बघूनच अर्ज बाजूला ठेवतात. तिकडं मी बाहेरची म्हणून नको होते, इकडं ती इथलीच म्हणून नको झाली. मी तो अर्ज बाजूला जाताना पाहिला आणि गप्प बसले. मला तेव्हा फार काही वाटलं नाही, आणि याचीच आता लाज वाटते.

परवाचा रविवार. नवा कांदा भरण्याआधी बराख झाडून घ्यायची होती. दरवर्षी आप्पाच वर चढतात, पत्र्याखाली आडव्या वाशावर जुनं बारदान ठेवलेलं असतं ते काढतात, झटकतात. यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. मी शिडी लावली तसे ते खालून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. वर काय न्हाई.”

“बारदान आहे ना?”

“नवीन आणू. उतर तू.”

मला ऐकायचं वळण कधीच नव्हतं. मी वर गेले, बारदान ओढलं आणि त्याच्या घडीतून एक पाकीट माझ्या छातीवर आपटून पट्टीवर पडलं. जाड प्लास्टिकचं, कुरियरचं. धूळ पुसली. माझ्याच ओळखीचा, त्या चटणीवाल्या कंपनीचा पत्ता होता. त्यावर तिरका शिक्का मारलेला होता, की खाद्यवस्तूची कागदपत्रं अपुरी असल्यानं पाठवणाऱ्याकडं परत. खाली मुंबईच्या ऑफिसचं नाव.

खाली बघितलं तर आप्पा नव्हते. ते रानात गेले होते.

मी बराखीतच बसले आणि पाकीट फोडलं. आत वाळवलेल्या कांद्याची पिशवी होती. मी कॉलेजात असताना त्यांना शिकवलं होतं, सारख्या जाडीचे काप करा, मिठाच्या पाण्यातून काढा, कापडाखाली वाळवा. काप सगळे एका जाडीचे होते. कामाच्या सवयीनं मी आधी तेच बघितलं: रंग गेला होता, कुरकुरीतपणा गेला होता, वास मात्र अजून होता. मग पत्र उघडलं. एका बाजूला टायपिंगवाल्याचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला आप्पांचं मराठी. खाली तीन शिक्के.

“मा. संचालक साहेब यांस सप्रेम नमस्कार. आपल्या कंपनीत आमच्या गावच्या कु. शीतल हिने अर्ज केला आहे. तिला मी जन्मापासून ओळखतो. ती माझीच मुलगी असल्यामुळे जास्त सांगत नाही. कमीही सांगत नाही. ती कामात आळस करत नाही. रागीट आहे, पण मनात धरून बसत नाही. आपण सरकारला तिच्याबद्दल लिहून देण्यास बिचकत असाल तर बिचकू नये. तिची जबाबदारी आमच्या गावाची आहे. काही कमी-जास्त झाल्यास मला कळवावे, मी स्वतः येऊन भेटेन. सोबत आमच्या रानातला कांदा तिनेच शिकवलेल्या पद्धतीने वाळवून पाठवत आहे. चव घेऊन बघावी.”

रागीट आहे, पण मनात धरून बसत नाही. इथं आप्पांची माहिती चुकली होती.

मी रडले. मोठ्यानं रडले, बराखीच्या पट्ट्यांतून वारा येत होता आणि मी लहान पोरीसारखी रडत होते. हे पत्र कुणी वाचलं नव्हतं. कुणी हसलं नव्हतं. संचालकांनी आपले आपण बसून नाही म्हटलं होतं, बाकीच्यांनी म्हटलं तसंच. माझं कुणी काही घालवलं नव्हतं, मला नुसतं घेतलं नव्हतं. आणि त्याचा सगळा राग मी चार वर्षं अशा माणसावर काढला, ज्याचं पाकीट मुंबईच्या पुढंसुद्धा गेलं नव्हतं. त्यांना हे माहीत होतं. भाजीत मीठ जास्त झालं त्या दिवशीही माहीत होतं.

पाकीट घेऊन मी रानात गेले. आप्पा ढिगापाशी बसून कांदा निवडत होते. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, डागी एकीकडं. मी पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी बघितलं, पण हात थांबवले नाहीत.

“कधी आलं परत?”

“तू फोनवर बोललीस, त्याच्यानंतर पंधरा-वीस दिसांनी.”

“मग सांगितलं का नाही, आप्पा?” माझा आवाज पुन्हा चढला होता, पण आता तो रागानं नव्हता. “मी एवढं टाकून बोलत राहिले. एकदा तरी म्हणायचं होतं, पत्र गेलंच नाही म्हणून.”

“कसं सांगायचं? लाज वाटली.” त्यांनी एक कांदा उचलला, दाबला, हुंगला आणि चांगल्या ढिगात ठेवला. “साऱ्या गावासाठी शब्द टाकला, आन् लेकीच्या वक्ताला पाकीट मुंबईतनं माघारी आलं. कुरियरवाल्यानं आधीच इचारलं हुतं, कांदा काढून नुसतं पत्र धाडू का. मीच म्हणलं, मोकळ्या हातानं कसं धाडायचं.”

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. आप्पांनी हात पंचाला पुसले, पाकीट उचललं, त्यावरची धूळ पुन्हा एकदा झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

“पोचलंच न्हाई गं ते, शितू. पोचलं आसतं तर त्यांनी ठिवली आसती तुला.”